पावणेआठ इंचांचा तुकडा

मार्च महिन्यातल्या एका रविवारी सकाळी वागळे इस्टेटमध्ये स्वतःचं वर्कशॉप असलेला एक चाळिशीतला गृहस्थ वर्तकनगरला माझ्या घरी आला. हातात मोबाइल होता. मोबाइलमध्ये एका रायफलचे चार फोटो होते आणि खिशात पंचवीस हजारांचा विसार दिल्याची चिठ्ठी. "काका, फक्त एकदा नजर टाका. आज दुपारी मुरबाडला जाऊन घेऊनच येतो."

मी एकतीस वर्षं एका परवानाधारक बंदूक विक्रेत्याच्या दुरुस्तीच्या बाकावर काम केलं. निवृत्त झालो तरी लोक विचारायला येतात, आणि मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगतो. हे प्रकरण संबंधित दोन्ही घरांच्या संमतीने, नावं आणि गाव गाळून लिहितो आहे. अशा जुन्या रायफली ठाणे जिल्ह्यात अजून कितीतरी कपाटांत, माळ्यांवर आणि गोधड्यांच्या घड्यांत पडून आहेत. त्या घरांतल्या माणसांपर्यंत हे पोहोचावं असं मला मनापासून वाटतं.

फोटोतली रायफल विंचेस्टर कंपनीची १८९४ मॉडेल होती. चापाभोवतीची कडी आणि तिला जोडलेला दांडा, म्हणजे लिव्हर, खाली ओढला की आतला बोल्ट मागे सरकतो, रिकामं काडतूस वरच्या बाजूने उडतं, घोडा चढतो. लिव्हर वर घेतला की नळीखालच्या लांब पन्हाळीतून आलेलं नवं काडतूस आत जातं आणि बोल्टच्या मागे एक पोलादी ठोकळा उभा सरकून त्याला अडसर घालतो. जॉन मोझेस ब्राउनिंग या माणसाची ही रचना. १८९५ साली या मॉडेलसाठी ३०-३० हे काडतूस आलं, बिनधुराच्या दारूचं. जुन्या नळ्यांवर ते "३० डब्ल्यूसीएफ" असं कोरलेलं असतं. स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतरची काही वर्षं मुंबईतल्या दुकानांतून अशा रायफली जंगलाचे ठेकेदार, इनामदार, मळेवाले विकत घेत. १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करायची वाट बंद झाली. तेव्हापासून देशात जे परदेशी हत्यार आहे तेच हातोहाती फिरतं आणि त्याचा भाव चढत जातो.

या गृहस्थाचं वेड मला कळत होतं. दिवसभर लेथवर काम करणारा माणूस. त्याने तो लिव्हर एका व्हिडिओत हलताना पाहिला आणि यंत्रावरच त्याचं मन बसलं. त्याचं लायसन्सही रीतसर होतं: ठाणे पोलीस आयुक्तालयाने दिलेलं, राष्ट्रीय नोंदणीचा यूआयएन क्रमांक असलेलं, बिगरप्रतिबंधित बोअरच्या, म्हणजे सामान्य माणसाला ठेवता येणाऱ्या मापाच्या नळीच्या, एका रायफलसाठी. खरेदीची मुदत संपायला पाच महिने शिल्लक होते.

पण तो सोबत एक यादीही घेऊन आला होता. नळी सोळा इंचांवर आणायची. "माझ्याच लेथवर अर्ध्या तासाचं काम आहे." लिव्हरची कडी मोठी, गोल करायची. वर दुर्बीण बसवायची. ३०-३० काडतूस मिळत नाही असं कोणी सांगितलं होतं, म्हणून नळी बदलून .३१५ काडतुसाची करायची. आणि जमलं तर तोंडाला आटे पाडून आवाज कमी करणारं नळकांडं.

मी त्याला चहा दिला आणि आधी यादी बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला. रायफलचं लायसन्स कोणाच्या नावावर आहे?

"ज्या मावशी विकतायत त्यांच्या मिस्टरांच्या. ते गेले मागच्या वर्षी."

कधी?

"चौदा महिने झाले."

आणि रायफल?

"घरीच आहे. कपाटात."

तिथे मी त्याला थांबवलं. रायफल आणायला जाऊ नकोस म्हणालो. फक्त माणसांना भेटायला जाऊ, मीही येतो.

जो माणूस हयात आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे, तो स्वतःच्या वापराची बंदूक दुसऱ्या पात्र माणसाला विकू शकतो. त्यासाठी दुकानदाराचा परवाना लागत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५मध्ये ही सोय आहे. अट अशी की विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचा आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. त्याआधी हत्यार हातात द्यायचं नाही. विसार देऊन त्याच दिवशी रायफल डिकीत टाकून आणायची, हे जिवंत विक्रेत्याच्या बाबतीतही चालत नाही.

इथे तर विक्रेताच नव्हता. लायसन्स माणसाला दिलेलं असतं, घराला किंवा हत्याराला दिलेलं नसतं. धनी गेला त्या दिवसापासून त्या बाईंच्या कपाटातली रायफल बिनपरवाना झाली. कलम २१ सांगतं की असं हत्यार विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. एकदा जमा केलं की मृताच्या वारसाला दोन हक्क मिळतात. स्वतः पात्र ठरला, लायसन्स मिळालं, तर परत घ्यायचं. नाहीतर पात्र माणसाला विकून पैसे घ्यायचे. मात्र नियमांत ठरलेल्या मुदतीत यातलं काहीच केलं नाही तर जिल्हा दंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. म्हणजे त्या मावशी विकू शकत होत्या, पण घरातून नव्हे. आधी जमा, मग विक्री.

आणि हा गृहस्थ ती रायफल चादरीत गुंडाळून मुरबाडहून शहाड, कल्याण करत ठाण्यात आणणार होता. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याने त्याचं हत्यार दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेणं कलम ३ला चालतं. इथे तसं पत्र देणारा माणूसच हयात नव्हता. वाटेत एका नाकाबंदीत गाडी उघडली असती तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा. स्वतःचं लायसन्स खिशात असून उपयोग शून्य, कारण ती रायफल त्या लायसन्सवर चढलेली नव्हती.

मुरबाडचं घर

दुसऱ्या दिवशी गेलो. माळशेजच्या रस्त्याला, मुरबाडच्या पुढे डाव्या हाताला वळून आत. ठाण्यातला माणूस इथे एक गोष्ट नेहमी विसरतो. जिल्हा एकच असला तरी कागद एका टेबलावर येत नाहीत. ठाणे शहर, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ठाण्याच्या पोलीस आयुक्तांकडे. नवी मुंबईला वेगळं आयुक्तालय. मीरा-भाईंदरचं २०२०पासून आणखी वेगळं. मुरबाड आणि शहापूर ग्रामीण भागात, तिथलं लायसन्स जिल्हाधिकाऱ्यांचं. म्हणजे घेणाऱ्याचा कागद एका कचेरीत आणि देणाऱ्याचा दुसऱ्या. दोन्हीकडची पत्रं एकमेकांशी जुळेपर्यंत हत्यार हलत नाही, आणि हलू नये.

मावशी सत्तरीच्या. मुलगा भिवंडीच्या गोदामांत टेम्पो चालवतो, तो त्या दिवशी सुट्टी काढून आला होता. त्यांनी आधीच कपाट उघडायला घेतलं. मी हात जोडून नको म्हणालो. मावशी, त्याला कोणी हात लावू नका, तुमचे कागद तेवढे दाखवा.

"कागद हायेत सगळे. मालकांनी ट्रंकेत ठेवलेत."

ट्रंकेत लायसन्सचं पुस्तक होतं, नूतनीकरणाच्या शिक्क्यांसह, आणि पुस्तकाच्या मागे पिवळा पडलेला एक कागद. सासऱ्यांनी, जे सागाचे ठेकेदार होते, मुंबईच्या दुकानातून रायफल घेतली त्याचं मूळ बिल. माझ्या आयुष्यात मी असे फार थोडे कागद पाहिले. लोक हत्यार जपतात, बिल हरवतात. बिलावर निळ्या शाईत बोअर होता, अनुक्रमांक होता आणि पुढे "अष्टकोनी नळी, २६ इंच".

मी खुर्चीत बसूनच मोबाइलमधले फोटो पुन्हा मोठे करून पाहिले. फोटोतली नळी सव्वीस इंचांची नव्हती.

या मॉडेलचे मुख्यतः दोन घाट निघत. कारबाईनची नळी गोल, वीस इंची, आणि पुढच्या लाकडाला धरणारी पट्टी नळीभोवतीच फिरलेली. रायफलची नळी सव्वीस इंची, अनेकदा अष्टकोनी, आणि पुढच्या लाकडाच्या टोकाला पोलादी टोपी. फोटोत टोपी होती. अष्टकोन होता. खांद्याला टेकतो त्या दस्त्याची पितळी नव्हे तर पोलादी, चंद्रकोरीसारखी पाटी होती, तीही रायफलचीच. म्हणजे धड रायफलचं आणि लांबी कारबाईनपेक्षाही आखूड. कंपनी खास मागणीवर आखूड रायफली बनवून देत असे, त्यामुळे नुसत्या लांबीवरून कोणाला दोषी धरायचं नसतं. जुन्या अनुक्रमांकांच्या कारखान्याच्या नोंदवह्या अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयात आहेत, तिथून दाखला मिळवता येतो. पण इथे बिलच सव्वीस सांगत होतं. शिवाय नेम धरायची पुढची माशी ज्या खाचेत बसते ती खाच फोटोत तिरपी दिसत होती. कारखान्यात अशी खाच तिरपी पडत नाही.

मी मावशींना विचारलं, मालकांनी कधी नळी कापली होती का?

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मुलाकडे पाहिलं. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि चुलीपाशी ठेवलेली फुंकणी घेऊन आल्या.

अष्टकोनी. काळीठिक्कर. एका टोकाला कांद्यासारखी फुगलेली.

"ह्यो थोरला पहिलीत व्हता त्या पावसाळ्यातली गोष्ट," त्या म्हणाल्या. रात्री रानडुकरं भातात शिरली. मालक हुसकवायला गेले. बांधावरून पाय घसरला, रायफलचं तोंड चिखलात रुतलं. अंधारात कळलं नाही. वर धरून बार काढला आणि नळीचं तोंड फुगलं. देवाची कृपा म्हणून माणूस वाचला.

त्यांचं म्हणणं मला तंतोतंत पटलं, कारण असंच होतं. नळीत चिखल, पाणी, चिंधी, अगदी गांधीलमाशीचं घर असलं तरी गोळी त्याच्यावर आदळून क्षणभर अडते आणि तिच्या मागे दाब एकदम चढतो. पोलाद तिथे फुगतं किंवा फाटतं. नळीच्या तोंडाशी झालं म्हणून निभावलं. तेच काडतूस बसतं त्या खोलीपाशी झालं असतं तर बोटं आणि डोळे गेले असते.

मग मालक रायफल घेऊन कल्याणला कोणा कारागिराकडे गेले. त्याने फुगलेला भाग हॅकसॉने कापला, खालची काडतुसांची पन्हाळही तेवढीच आखूड केली, माशी नव्याने बसवली. कापलेला तुकडा मालकांनी घरी आणला आणि म्हणाले, घे, फुंकणी कर. तेव्हापासून चाळीसेक वर्षं त्या घरातला विस्तव त्या तुकड्याने फुंकला जातोय.

कापाचा धनी

परत येताना गाडीत गृहस्थ गप्प होता. गोवेलीच्या पुढे म्हणाला, "काका, बिल दाखवलंच नाही तर? लायसन्सच्या पुस्तकात लांबी लिहिलेलीच नाही. बोअर आणि नंबर तेवढे आहेत. नंबर जुळतोय."

तो वाईट माणूस नाही. बहुतेक लोक हेच म्हणतात. म्हणून मी त्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो.

कलम ६प्रमाणे परवान्याशिवाय कोणालाही बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. हे १९६२ साली अधिनियम लागू झाला तेव्हापासून आहे, म्हणजे मालकांनी कापून घेतली तेव्हाही मनाईच होती. २०१९च्या दुरुस्तीने दोन गोष्टी केल्या. शस्त्र नियम, २०१६मधल्या एका वर्गातलं हत्यार दुसऱ्या वर्गात बदलणंही याच कलमात आणलं, आणि शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप अशी केली. मालक आता नाहीत, गेलेल्या माणसावर खटला चालत नाही. कारागीरही हयात नाही असं मावशी म्हणाल्या.

पण लोखंडावरच्या कापाला तारीख नसते. आज ती रायफल तुझ्या लायसन्सवर चढली, आणि पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या तपासणीत हत्यारं तपासणाऱ्या कोणा जाणत्या आर्मररने तिरपी खाच पाहून टेप लावला, तर तो विचारणार: ही कोणी कापली? तू म्हणणार, चाळीस वर्षांपूर्वी मुरबाडच्या एका माणसाने. आणि तुझा धंदा काय? लेथ. तुझं खरं असूनही कोण मानणार? मूळ बिल लपवलेलं असेल तर वाचवायला एकच पुरावा होता तोही तूच पुरलेला असेल.

तो बराच वेळ काही बोलला नाही. शहाडचा पूल आल्यावर म्हणाला, "मग मावशींचं काय होणार?"

हा प्रश्न त्याने विचारला म्हणून मला त्याच्याबद्दल आदर वाटला.

जमा करताना

मावशींना सगळ्यात मोठी भीती पोलिसांची होती. चौदा महिने हत्यार घरात ठेवलं म्हणून धरून नेतील असं शेजाऱ्याने सांगितलं होतं. त्यांना दोन गोष्टी समजावल्या. कलम ३खालचा, म्हणजे बिनपरवाना हत्यार बाळगल्याचा, खटला भरायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आगाऊ मंजुरी लागते, ती कलम ३९ची अट आहे. कोणी ठाणेदार मनात आलं म्हणून थेट कोर्टात जाऊ शकत नाही. आणि स्वतःहून पुढे येऊन जमा करणारी म्हातारी बाई आणि धाडीत सापडलेलं हत्यार या दोन गोष्टी कोणताही अधिकारी एका तागडीत घालत नाही. तरी मी वकिलाशिवाय पाऊल टाकू दिलं नाही. कोर्टनाक्यावर बसणारे एक वकील माझ्या ओळखीचे, त्यांनी अर्ज लिहिला.

अर्जात त्यांनी रायफल पोलीस ठाण्यात आणून देतो असं लिहिलं नाही. घरात एकाकडेही लायसन्स नाही, म्हणून पोलिसांनीच घरी येऊन ताब्यात घ्यावी अशी विनंती केली. आवक शिक्का मारलेली प्रत घेतली. दोन दिवसांनी हवालदार आणि एक अंमलदार आले. मी आग्रहाने एकच गोष्ट सांगितली: या रायफलची काडतुसं पेटीत नसतात, नळीखालच्या पन्हाळीत असतात, वरून दिसत नाहीत. लिव्हर चालवून सगळी बाहेर काढेपर्यंत ती भरलेली आहे असंच धरा. पन्हाळीत तीन काडतुसं निघाली. बिस्किटाच्या डब्यात आणखी नऊ. बाराच्या बारा जमा झाली. काडतुसं ठेवायलाही लायसन्स लागतं आणि लोक ती नेमकी विसरतात.

पावती लिहिताना "जुनी रायफल एक नग" एवढ्यावर भागवू देऊ नका. यावर मी अडून बसलो आणि अंमलदारानेही ऐकून घेतलं, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. बनवणारी कंपनी, मॉडेल, बोअर, रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात चालतो त्या धडाच्या, खालच्या बाजूला पुढे कोरलेला अनुक्रमांक, नळीवरचे छाप, आणि लांबी. लांबी नुसता टेप वरून लावून मोजायची नसते. रिकामी खात्री करून बोल्ट बंद करायचा, तोंडातून सरळ लाकडी काठी बोल्टला टेकेपर्यंत घालायची, तोंडाशी खूण करायची, काठी काढून मोजायची. अठरा इंच एक सूत भरली, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मग फुंकणी मोजली. सात इंच सहा सूत. बेरीज पंचवीस इंच सात सूत. एक सूत हॅकसॉच्या पात्यात आणि कानशीत गेलं. अष्टकोनाच्या कडाही एकमेकींवर बसत होत्या.

फुंकणी पंचनाम्यात गेली. तिला कागदात गुंडाळून लाख लावली तेव्हा मावशी दारात उभ्या होत्या. "आता चूल कशानं फुकू?" एवढंच म्हणाल्या.

त्या यादीचं काय

गृहस्थाने व्यवहार सोडायचं ठरवलं, पण यादी मात्र त्याला समजून घ्यायची होती. पुढे दुसरी कोणतीही रायफल घेतली तरी तेच प्रश्न येणार.

नळीचं वर झालं. स्वतःच्या मालकीची, स्वतःच्या लायसन्सवरची असली तरी कापायची नाही. आपली वस्तू, आपला लेथ, मग कोणाला काय, हा विचार हत्याराच्या बाबतीत चालत नाही. कलम ५प्रमाणे बंदूक बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं ही परवान्याचीच कामं आहेत. घरी पुसणं, तेल देणं, नळीतून ब्रश फिरवणं हे मालकाचं काम; त्यापुढे परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जायचं आणि बिल जपून ठेवायचं. वागळे इस्टेटमधला कितीही निष्णात टर्नर असला तरी त्याच्याकडे तो परवाना नाही. मालकच टर्नर असला तरी नाही.

.३१५चा विचार यंत्राच्याच दृष्टीने फसतो. .३१५ हे सुमारे ७६ मिलिमीटर लांबीचं काडतूस, ३०-३० सुमारे ६५ मिलिमीटरचं. या रायफलचा उचलणारा पाळणा आणि बोल्टची चाल पासष्टसाठी घडवलेली आहे, लांब काडतूस त्यात मावतच नाही. शिवाय नळीखालच्या पन्हाळीत काडतुसं एकापुढे एक झोपतात, मागच्याचं नाक पुढच्याच्या टोपीला, म्हणजे ठोका बसला की पेटणाऱ्या बुडाच्या कॅपला, टेकतं. म्हणून यासाठी चपट्या नाकाचीच गोळी लागते. टोकदार गोळी घातली तर धक्क्याने पुढची टोपी पन्हाळीतच पेटू शकते. आणि बोअर बदलला की लायसन्सवरचं वर्णनच खोटं ठरतं.

काडतुसांची अडचण खरीच आहे, ती कोणत्याही कारागिरीने सुटत नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, जो १८६९पासून चालू आहे, १२ बोअर आणि .३१५ बनतात, ३०-३० बनत नाही. हे मी प्रत्येक घेणाऱ्याला आधी सांगतो. भाव, पॉलिश, दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड नंतर बघा. या रायफलला खाऊ काय घालणार आणि ती चालवणार कुठे, हे दोन प्रश्न पहिले. शिकार वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ने बंद आहे. लग्नात, वरातीत हवेत बार काढणं २०१९पासून स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नेमबाजीच्या ऑलिंपिक प्रकारांत या बोअरला जागा नाही.

आवाज दाबणारं नळकांडं यादीतून मी स्वतः खोडलं. आवाज किंवा ज्वाला कमी करणारं साहित्य प्रतिबंधित वर्गात मोडतं, रायफल बिगरप्रतिबंधित असली तरीही. यावर पुढे बोलण्यासारखं काही नाही.

दुर्बिणीला कायद्याची तशी आडकाठी नाही, पण या मॉडेलच्या जुन्या रायफली रिकामं काडतूस सरळ वर फेकतात. मधोमध दुर्बीण बसवली तर ते तिच्यावर आपटून परत आत पडतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने बाजूला तिरकं फेकणारी रचना आणली ती याचसाठी. मार्लिन या दुसऱ्या कंपनीच्या लिव्हर रायफली आधीपासून बाजूने फेकत. जुन्या विंचेस्टरच्या रिसीव्हरला भोकं पाडणं म्हणजे शंभर वर्षांची वस्तू खराब करणं, आणि भोक अनुक्रमांकाजवळ गेलं तर कलम ८ उभं राहतं. ओळखचिन्ह खोडणं, बदलणं याची त्यात मनाई आहे. चुकून ग्राइंडर लागून नंबर पुसट झाला ही सबब मी तीनदा ऐकली आहे. तिन्ही वेळा ती रायफल पुढे कोणालाही विकता आली नाही.

राहिली लिव्हरची मोठी कडी आणि दस्त्याला रबरी पाटी. पाटी आणि पट्टा बेलाशक लावा. कडी परवानाधारकाकडून, लेखी बिलावर. नको तिथे बोट अडकतं म्हणून मला स्वतःला ती मोठी कडी आवडत नाही.

आज

हे लिहितो आहे तेव्हा रायफल मुद्देमालात आहे. मावशींचा अर्ज, मृत्यूचा दाखला, लायसन्सचं पुस्तक, मूळ बिल, जमापावती आणि नळी कशी कापली गेली याचं त्यांचं स्वतःचं निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचलं आहे. रायफल आणि तुकडा तपासणीसाठी पाठवण्याचं चाललं आहे. मुलाला वारस म्हणून लायसन्ससाठी अर्ज करता आला असता, नियम २५मध्ये ती वाट आहे. तो म्हणाला, मला नको, मी रात्री-अपरात्री टेम्पोवर असतो, घरात आई एकटी, असली वस्तू ठेवायची कुठे. मला त्याचं म्हणणं बरोबर वाटलं. तपासणीनंतर विक्रीला मोकळीक मिळाली तर रायफल आहे त्या लांबीची, आहे त्या इतिहासासह, कागदावर तसं लिहून विकली जाईल. किंमत निम्म्याहून कमी येईल. मावशींना मी ते लपवलं नाही.

विसाराचे पैसे मुलाने दोन हप्त्यांत परत केले. गृहस्थाने खरेदीची मुदत वाढवून मिळावी म्हणून आयुक्तालयात अर्ज केला आहे, अजून काही घेतलेलं नाही.

गेल्या महिन्यात तो पुन्हा माझ्याकडे आला. पिशवीतून त्याने एक पितळी नळी काढली. अठरा इंची, एका तोंडाला गोलाई दिलेली, दुसऱ्या तोंडाला ओठ भाजू नयेत म्हणून लाकडाची कडी. आतून इतकी साफ घोटलेली की खिडकीकडे धरल्यावर पलीकडचं आंब्याचं झाड दिसत होतं. रात्रपाळीत लेथ रिकामा होता तेव्हा केली म्हणाला. रविवारी आम्ही दोघं मुरबाडला जाऊन ती मावशींना देऊन आलो.

त्यांनी ती हातात फिरवून पाहिली, पदराने पुसली आणि चुलीपाशी बसून एक फुंकर घातली. "जड हाय," म्हणाल्या, "पर वारा चांगला जातोय."